मूड नसलेल्या दिवशी काय करायचं? महर्षी धोंडो केशव कर्वे यांची गोष्ट



जूनमध्ये शाळा सुरू झाली की पहिल्या आठवड्यातल्या वह्या जरा नीट बघा. समास आखलेला, अक्षर टपोरं, तारीख न चुकता घातलेली. रोज एक पान शुद्धलेखन, रोज एक पाढा, झोपण्याआधी दहा मिनिटं वाचन, असे संकल्प मुलं अगदी मनापासून करतात. गणपती येईपर्यंत त्यातलं किती उरतं, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. पालकसभेत मग एक वाक्य हमखास कानावर येतं, की सर, याला समजतं सगळं, पण याचा मूडच नसतो.

मूड हा शब्द आता पहिलीतल्या मुलाच्याही तोंडी आहे. त्याला दटावून मूड येत नाही, आणि समजावून आला तरी दुसऱ्या दिवशी तो राहीलच असं नाही. म्हणून आज मी तुम्हाला अशा एका माणसाची गोष्ट सांगणार आहे, जो स्वभावाने लाजाळू होता, चारचौघांत बोलायला कचरायचा, कुणापुढे हात पसरताना संकोचायचा, आणि तरीही ज्याने आयुष्यभर हीच सगळी कामं केली. अण्णासाहेब कर्वे. पाठ्यपुस्तकातून मुलांपर्यंत पोहोचतात ते भारतरत्न मिळालेले, १०४ वर्षं जगलेले, पांढऱ्या दाढीचे महर्षी. मला त्यांच्या आधीचा धोंडू जास्त कामाचा वाटतो.

धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी त्यांच्या आजोळी, कोकणातल्या शेरवलीला झाला. घर दापोलीजवळच्या मुरूडचं. घराणं एकेकाळी बऱ्यापैकी होतं, पण धोंडूच्या लहानपणी परिस्थिती ओढगस्तीची झाली होती. मुरूडच्या शाळेत त्यांना सोमण गुरुजी भेटले. प्राथमिक शिक्षक म्हणून मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो, कारण नुसतं पुस्तक शिकवून ते थांबले नाहीत. गावातल्या देवळात जमलेल्या लोकांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचं काम त्यांनी धोंडूकडे दिलं. आता विचार करा. बुजरं पोर, समोर मोठी माणसं, आणि मोठ्याने वाचायचं. बोलायची भीती गेल्यावर वाच, असं गुरुजी म्हणाले नाहीत. भीती असतानाच काम सोपवलं, आणि कामही कसं, तर ठरलेल्या जागी करायचं, कुणीतरी वाट बघत असलेलं. यातली गोम पुढे आयुष्यभर दिसत राहते.

मग आला १८७५ चा सप्टेंबर. सहावीची सरकारी परीक्षा द्यायची होती. ती पास झाली की शाळामास्तरकीची किंवा सरकारी कचेरीतली नोकरी मिळायची, त्यामुळे घरासाठी ती मोठी गोष्ट होती. मुंबईला समुद्रमार्गे जायचं तर हवा खराब, गलबत मिळेना. तेव्हा धोंडू आणि त्याचे काही सोबती साताऱ्याला पायी निघाले. कुंभार्ली घाट, भर पाऊस, अंतर शंभर मैलांहून जास्त. चार दिवसांत ही मुलं साताऱ्याला पोहोचली.

आणि तिथे काय झालं? परीक्षेला सतरा वर्षं पूर्ण असावी लागत. धोंडूची होती. पण अंगकाठी लहान, चेहरा पोरसवदा. परीक्षा मंडळाच्या प्रमुखांना हा सतराचा वाटेना. बसू दिलं नाही. चार दिवस पावसात चालून आलेला मुलगा परीक्षा न देताच परत फिरला.

ही गोष्ट वर्गात सांगताना बहुतेक जण इथपर्यंतच सांगतात, की बघा, शिक्षणासाठी किती चालले! पण मला विचाराल तर चालत जाण्यापेक्षा चालत परत येणं जास्त अवघड. जाताना उमेद असते, सोबत असते, गप्पा असतात. येताना काय असतं? अपमान, राग, रडू. पुढच्याच वर्षी, १८७६ मध्ये, धोंडूने कोल्हापूरला जाऊन तीच परीक्षा दिली आणि तो पास झाला. त्या मधल्या वर्षात पुस्तक उघडताना प्रत्येक वेळी त्याला उत्साह वाटला असेल, असं मला तरी वाटत नाही. पुस्तक मात्र उघडलं गेलं.

पुढचं शिक्षणही सरळ रेषेत झालं नाही. इंग्रजी शिकायला रत्नागिरीला गेले तर आजारी पडून परत यावं लागलं. मग मुंबईत रॉबर्ट मनी शाळेत दाखल झाले. मॅट्रिक झाले तेव्हा साल होतं १८८१, म्हणजे वय तेवीस. एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित घेऊन बी.ए. झाले १८८४ मध्ये, सव्विसाव्या वर्षी. आपलं मूल एका वर्षाने मागे पडलं म्हणून रात्र रात्र न झोपणाऱ्या पालकांनी हे दोन आकडे जरूर लक्षात ठेवावेत. शिवाय त्या काळच्या रीतीप्रमाणे लग्न चौदाव्या वर्षीच झालं होतं, पत्नी राधाबाई आठ वर्षांच्या. शिक्षण, शिकवण्या आणि संसार एकाच वेळी चालू होता.

मुंबईत कर्वे मुलींच्या शाळांमधून गणित शिकवत, शिवाय खासगी शिकवण्या करत. दिवस पहाटे सुरू व्हायचा. याच काळात त्यांनी एक सवय लावून घेतली, आणि माझ्या मते त्यांच्या सगळ्या मोठ्या कामांचं बी त्या सवयीत आहे. मिळकत हातात आली की तिचा ठराविक हिस्सा लोकांच्या कामासाठी आधी बाजूला काढायचा. उरलं तर द्यायचं, असं नाही. आधी काढायचा, मग उरलेल्यात घर चालवायचं. १८८६ मध्ये त्यांनी मुरूड फंड सुरू केला तोही याच विचाराने, की गावच्या मिळवत्या माणसांनी थोडं थोडं नियमाने द्यावं आणि त्यातून गावासाठी काहीतरी उभं करावं.

यात नेमकं काय घडतं बघा. दान देणं ही एरवी भावनेवर चालणारी गोष्ट. कीर्तनात डोळे पाणावले की खिशात हात जातो, घरी येईपर्यंत तो कोरडा होतो. कर्व्यांनी ते भावनेवर ठेवलंच नाही. आज माझं मन उदार आहे की नाही, हा प्रश्न त्यांनी दर महिन्याला स्वतःला विचारला नाही. एकदा ठरवलं, आणि रक्कम इतकीच ठेवली की वाईट महिन्यातही काढता यावी. आपण मुलांच्या बाबतीत उलट करतो. जोश असतो त्या दिवशी रोज पाच पानं असं ठरवतो. मग ज्या दिवशी सर्दी असते, पाहुणे असतात, मॅच असते, त्या दिवशी पाच पानं होत नाहीत, आणि एकदा मोडलं की मोडतंच. माप ठरवायचं ते वाईट दिवस डोळ्यापुढे ठेवून.

१८९१ साल कर्व्यांना फार जड गेलं. राधाबाई गेल्या. लहान मुलगा रघुनाथ मागे राहिला. त्याच वर्षाच्या अखेरीस पुण्याहून बोलावणं आलं. टिळकांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडली होती, फर्ग्युसन कॉलेजात गणिताला माणूस हवा होता, आणि गोपाळ कृष्ण गोखले हे कर्व्यांचे एल्फिन्स्टनमधले सहाध्यायी. ज्या जागी टिळकांनी शिकवलं त्या जागी उभं राहायचं! आपल्यासारख्याला घामच फुटेल. कर्वे गेले, आणि १९१४ पर्यंत त्या कॉलेजात गणित शिकवत राहिले.

मार्च १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाईंशी लग्न केलं. मित्र नरहरपंत जोशी यांची ही विधवा बहीण, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेली. लग्नानंतर त्या आनंदीबाई झाल्या, पण सगळे त्यांना बाया म्हणूनच ओळखतात. पुन्हा लग्न करायचंच तर विधवेशी, असं कर्व्यांनी ठरवलं होतं. त्याची किंमत मुरूडला मोजावी लागली. गावाने बहिष्कार टाकला. ज्या गावासाठी फंड काढला, त्या गावात सख्ख्या आईच्या पंक्तीला बसता येईना. आईलाही त्रास, भावालाही त्रास. कर्वे भांडले नाहीत, पण मागेही हटले नाहीत. त्याच वर्षी विधवाविवाहाला साहाय्य करणारी मंडळी काढली आणि १८९६ मध्ये पुण्यात अनाथ बालिकाश्रम सुरू केला. त्यासाठी आपली साठवण घातली, आणि पुढे पाच हजारांची विम्याची पॉलिसीही आश्रमाच्या नावे करून टाकली.

आता मित्रांनो, या आश्रमाच्या वाटेविषयी थोडं सविस्तर सांगतो, कारण माझ्या मते हा आख्ख्या चरित्राचा गाभा आहे.

१८९९ च्या सुमाराला पुण्यात प्लेग होता. मुली गावात ठेवणं धोक्याचं झालं. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी शहराबाहेर हिंगण्याला सहा एकर जागा दिली. तिथे १९०० मध्ये एक साधी झोपडी उभी राहिली आणि आश्रम तिकडे हलला. आजचं कर्वेनगर डोळ्यापुढे आणू नका. तेव्हा तिथे माळ होता, शेतं होती, रस्ता म्हणावा असा नव्हता. पावसाळ्यात पाय घोट्यापर्यंत चिखलात जायचा.

कर्वे दिवसभर कॉलेजात शिकवत. संध्याकाळी पायी हिंगण्याला जात. मुलींना शिकवत, आश्रमाचं काय हवं-नको बघत, रात्री तिथेच राहत आणि सकाळी पुन्हा पायी पुण्याला. लागणारं सामानही पुष्कळदा स्वतःच वाहून नेत. बाया आणि मुलं शहरात. हे एक-दोन आठवडे नाही, साधारण दोन वर्षं चाललं.

दिवसभर वर्गात उभं राहिल्यावर संध्याकाळी काय वाटतं, ते आपल्यापैकी प्रत्येकाला माहीत आहे. घरी जावं, पाय पसरावे, चहा घ्यावा. कर्व्यांना असं वाटत नसेल का? नक्कीच वाटत असणार. घरी तरुण बायको, लहान मुलं, त्यांची आजारपणं. पण हिंगण्याच्या झोपडीत मुली वाट बघत होत्या आणि अंधार पडायच्या आत तिथे माणूस पोहोचणं गरजेचं होतं. जायचं की नाही हे रोज नव्याने ठरवायचं नव्हतं, चपला घालून निघायचं होतं. देवळातल्या वर्तमानपत्रासारखंच हे. ठरलेली जागा, ठरलेली वेळ, आणि कुणीतरी वाट बघत असणं.

म्हणूनच वर्गात वाचनाची सवय लावायची तर मी मुलाला एकट्याने घरी वाच असं सांगत नाही. दुसरीच्या एका मुलाला रोज गोष्ट वाचून दाखवायची, असं काम चौथीच्या मुलाला देतो. मधल्या सुट्टीनंतर ते लहानगं पुस्तक घेऊन दारात उभं असतं. मग याचा मूड असो वा नसो.

पण एक गोष्ट इथे लपवून चालणार नाही. या नेमाची झळ कर्व्यांइतकीच, किंबहुना जास्त, बायांना लागली. विम्याचे पैसे गेले, नवरा रात्री घरी नाही, पगारातून ओघ आश्रमाकडे. संसाराच्या काळजीपोटी त्या नागपूरला जाऊन सुईणपणाचं शिक्षण घेऊन आल्या. आपल्या आत्मचरित्रात, माझे पुराण या पुस्तकात, त्यांनी हे दिवस कसे काढले ते मोकळेपणाने लिहिलंय. अण्णांबद्दल आदर आहे, आणि तक्रारही आहे. मला दोन्ही खरं वाटतं. कर्व्यांनी स्वतःच्या क्षणिक भावना बाजूला ठेवल्या हे ठीक, पण घरच्यांच्या भावना काही क्षणिक नव्हत्या. पोराबाळांचं पुढे काय, ही आईची काळजी मूड या सदरात मोडत नाही. कर्व्यांचं चरित्र वाचणाऱ्याने माझे पुराण बरोबरच वाचावं, असा माझा आग्रह आहे. वर्गात मोठ्या माणसांची गोष्ट सांगताना घरातल्या बाईचं नाव आपण एका ओळीत उरकतो, ते बरोबर नाही.

बायांची विधवा बहीण पार्वतीबाई आठवले आश्रमात आल्या, मोठ्या वयात शिकल्या आणि आश्रमासाठी वर्गणी मागत गावोगाव फिरल्या, अगदी अमेरिकेपर्यंत गेल्या. बायांनीही पुढे संस्थेसाठी निधी गोळा केला. कर्वे स्वतः तर सुट्टी लागली की वर्गणीला निघायचे. हे काम त्यांच्या स्वभावाच्या अगदी विरुद्ध. वक्तृत्व नाही, भारदस्त आवाज नाही. लोक टोमणे मारत, दारातून परत पाठवत. पण चार आणे देणाऱ्याचंही नाव हिशेबात यायचं. संकोच गेला नाही तरी काम होतं, हे त्यांनी स्वतःपुरतं ओळखलं होतं. पुढे त्यांच्या संस्थेने भाऊबीज फंड सुरू केला तो याच वळणाचा. वर्षातून एकदा, दिवाळीच्या सुमाराला, संस्थेचे लोक घरोघर जातात, भावाने बहिणीला ओवाळणी घालावी तशी छोटी रक्कम घेतात, पावती देतात. रक्कम लहान, वेळ ठरलेली.

यापुढचा भाग तुम्हाला माहीत आहे, म्हणून भराभर सांगतो. १९०७ मध्ये महिला विद्यालय. मग तन-मन-धन संस्थेला वाहणाऱ्या कार्यकर्त्यांचा निष्काम कर्ममठ. जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहिती हाती आली आणि १९१६ मध्ये, अठ्ठावन्नाव्या वर्षी, भारतातलं पहिलं महिला विद्यापीठ. आपण ज्या वयात पेन्शनचे कागद लावायला घेतो, ते हे वय! १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचं नाव मिळालं, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी. एकाहत्तराव्या वर्षी, १९२९ मध्ये, कर्वे विद्यापीठाची माहिती जगाला सांगायला निघाले. युरोप, अमेरिका, जपान, नंतर आफ्रिका. जो मुलगा देवळात चारचौघांपुढे वाचताना बुजत होता, तो परक्या देशांत परक्या भाषेत भाषणं देत होता. जर्मनीत तो आइन्स्टाइन यांनाही भेटला.

मला मात्र १९३६ साल जास्त जवळचं वाटतं, कारण त्यात आपला, प्राथमिक शिक्षकांचा संबंध आहे. त्या वर्षी, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, कर्व्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढलं. जिथे सरकारी शाळा नाही अशा खेड्यांत शाळा सुरू करायच्या. आता त्यांच्यामागे विद्यापीठ होतं, नाव होतं, त्यांनी एक पत्र लिहिलं असतं तरी काम झालं असतं. पण पद्धत तीच राहिली. स्वतःच्या तुटपुंज्या पेन्शनीतला हिस्सा आधी बाजूला, मग दारोदार जाऊन लहान लहान वर्गण्या. विद्यापीठाचा संस्थापक मुळाक्षरांच्या शाळेसाठी हिंडतोय. त्यानंतर १९४४ मध्ये त्यांनी जातिभेद मिटावा म्हणून समता संघ काढला.

१९५५ मध्ये पद्मविभूषण आणि १९५८ मध्ये, शंभरी पूर्ण झाली त्या वर्षी, भारतरत्न. त्यांच्या हयातीतच त्यांचं चित्र असलेलं टपाल तिकीट निघालं. मुंबईत ब्रेबोर्न स्टेडियमवर मोठा सत्कार झाला, पंतप्रधान नेहरू आले होते. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी अण्णा गेले.

पालकहो, शाळेची सहल पुण्याला निघाली तर एक सुचवतो. शनिवारवाडा, लाल महाल, प्राणिसंग्रहालय सगळं बघाच, पण फर्ग्युसन कॉलेजच्या फाटकापासून कर्वेनगरातल्या संस्थेपर्यंत मुलांना एकदा पायी न्या. आज वाट सगळी डांबरी आहे, दोन्ही बाजूंना दुकानं आहेत, अंतर मुलांच्या पायांनी तासा-दीड तासाचं. अर्ध्यावर कुणीतरी कंटाळेलच आणि विचारेल, सर, अजून किती? तेव्हा त्याला फक्त एवढंच सांगा, की अण्णांना उद्या सकाळी हेच परत चालायचं होतं, आणि संध्याकाळी पुन्हा.